सावळीच्या तोंडची चाल

कुणालीचं लग्न ठरलं, तेव्हा दीपेशनं घरात सांगून टाकलं, की बहिणीच्या पाठवणीला सिनेमातलं गाणं वाजणार नाही. "माझी बेंजो पार्टी असताना दुसऱ्याच्या गाण्यावर तिला काढून द्यायची? नाय जमणार."

दीपेश सरळगावच्या अलीकडच्या गावातला. घरची भातशेती, आणि लग्नाच्या दिवसांत बेंजो पार्टी. मुरबाड-शहापूरकडे हळद असो, लग्न असो, बेंजोशिवाय मांडवाला मांडव म्हणत नाहीत. टेम्पोवर भोंगे लावायचे, ढोलकी, ताशे, पॅड, आणि मध्ये कीबोर्डवर दीपेश. त्याचा बाप काळूराम पूर्वी सनई वाजवायचा. दम्यानं सनई सुटली, तसा म्हातारा ओट्यावर बसून पोराच्या चुका काढायचा.

भात झोडायचे दिवस होते. खळ्यावर पेंढ्या आपटता आपटता दीपेश काहीतरी गुणगुणत राहायचा, मध्येच थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा सुरुवातीपासून धरायचा. बायको नम्रता सुपात भात पाखडताना हसायची. पण एका दुपारी ती हसली नाही. पदर नाकाला लावून ती म्हणाली, "आता हीच ठेव. मला माझी आई आठवली." म्हाताऱ्यानंही त्यात चूक काढली नाही.

कुणालीच्या पाठवणीला ती धून वाजली आणि मांडवातले पुरुषसुद्धा तोंड फिरवून उभे राहिले. ढोलकी नाही, ताशा नाही, नुसता कीबोर्ड. पोरगी उंबऱ्यातून निघते आणि मागे वळून बघते, तिथं ती चाल एक पायरी खाली उतरायची आणि तिथंच अडायची. पुढच्या सीझनपासून लोक पार्टी ठरवतानाच विचारायला लागले, "ती कुणालीची वाजवनार ना?" दीपेशनं आयुष्यात बरंच वाजवलं होतं, पण सगळं दुसऱ्यांचं. आपली म्हणावी अशी ती एकच होती.

रितेश त्याला भेटला किन्हवलीच्या एका लग्नात. मुंबईत जाहिरातींना संगीत द्यायचा. मुरबाडकडे मित्राचं फार्महाऊस होतं, तिथं सुट्टीला यायचा. जेवणाच्या पंगती उठल्यावर तो दीपेशजवळ येऊन बसला. गळ्यात हेडफोन, हातात मुठीएवढा रेकॉर्डर.

"दादा, मघाची ती पाठवणीची धून. एकदा फक्त माझ्यासाठी वाजवाल? बाकी कुणी नको."

दीपेशनं वाजवली. रितेश डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्यानं डोळे पुसले, दीपेशला मिठी मारली. "अस्सल आहे हो. आमच्याकडं हे मेलंय." दीपेश दोन दिवस हवेत होता. नम्रताला त्यानं ती मिठीसुद्धा करून दाखवली.

पुढच्या उन्हाळ्यात टोकावड्याच्या बाजूला एक लग्न होतं. नवरीचा बाप तालेवार, मांडव मोठा. पाठवणीची वेळ झाली. नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती. दीपेशनं ताशेवाल्यांना हातानं थांबवलं आणि कीबोर्डवर बोटं ठेवली.

पहिली ओळ संपायच्या आत मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग चार पोरं हसली. मग कॉलेजातल्या पोरांचा घोळका एका सुरात गायला लागला: "लखलख लखलख, डाग पळे! लखलख लखलख, घाण गळे!" एक जण तर उकिडवा बसून ब्रश मारायची नक्कल करायला लागला. बायका तोंडाला पदर लावून हसू दाबत होत्या. नवरीलाही रडता रडता हसू फुटलं, आणि मग ती स्वतःच्याच हसण्यानं घाबरून जास्तच रडली.

दीपेशला कळेना काय चाललंय. तो वाजवतच राहिला. नवरीच्या बापानं येऊन कीबोर्डची वायर उपटली.

"माझ्या पोरीच्या पाठवणीला संडास वाजवतोस रे?"

टेम्पोत बसल्यावर ढोलकीवाल्यानं त्याला मोबाइलवर जाहिरात दाखवली. लखलख नावाचं संडास धुवायचं औषध. निळ्या भांड्यात बाटली ओतणारी हसरी बाई, मागे नाचणारे ब्रश, आणि दीपेशची धून. दुप्पट वेगात, शिट्ट्या आणि टाळ्यांसकट. जिथं पोरगी मागे वळून बघते आणि चाल अडते, नेमकं तिथं फ्लश ओढल्याचा आवाज.

"तुला म्हाईत नव्हता?" ढोलकीवाल्यानं विचारलं. "महिना झाला. मला वाटलं तूच दिलीस."

दीपेश घरापर्यंत ती जाहिरात पुन्हा पुन्हा लावत राहिला.

आठवड्याभरात दुसरा घाव बसला. पार्टीच्या चॅनलवर कुणालीच्या लग्नाचा व्हिडिओ होता. तो निघून गेला. त्याच्या जागी लिहून आलं, की यातलं संगीत दुसऱ्याच्या मालकीचं आहे. खाली मालकाचं नाव होतं. रितेशचं.

नम्रता म्हणाली, "जाऊन विचार तरी त्याला."

दीपेश फार्महाऊसवर गेला. रितेश व्हरांड्यात चहा पीत होता. त्यानं उठून स्वागत केलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. आणि मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "दीपेश, ती तुमच्याकडची पारंपरिक चाल ना? पारंपरिक चाल कुणाची नसते. सगळ्यांची असते. उलट आम्ही ती देशभर पोचवली."

"पारंपरिक नाय, सर. मी केली. खळ्यावर केली."

"असं प्रत्येकालाच वाटतं." रितेश हसला. "तू ती कुठंतरी ऐकलीच असणार. आजीकडून, गावात. डोक्यात राहते आणि आपल्याला वाटतं आपलीच."

"मग तिकडं मालक म्हणून तुमचं नाव कसं?"

"ती प्रोसेस असते. तुला नाही कळणार."

दीपेश गेटपर्यंत आला आणि तिथंच थांबला. गाडीची किल्ली लावली, काढली. त्याच्या डोक्यात त्या वेळी एकच विचार होता, की परत आत जावं आणि व्हरांड्यातली खुर्ची उचलून या माणसाच्या तोंडावर घालावी. पण मग तो जेलात जाईल, रितेश दवाखान्यात, आणि ती जाहिरात लागतच राहील. त्यानं किल्ली लावली.

घरी आल्यावर तो म्हाताऱ्याजवळ बसला. "आबा, तो बोलतो पारंपरिक चाल कोणाचीच नसते."

काळूराम खोकून म्हणाला, "मग एक पारंपरिक दे त्याला."

म्हातारा सहज बोलून गेला होता. दीपेशच्या मनात ते रुतून बसलं.

त्या पावसाळ्यात शेतावरून आला की तो मोबाइल घेऊन बसायचा. परदेशातल्या जाहिराती ऐकायचा. गाड्यांच्या, चॉकलेटांच्या, विमानांच्या. आवडलेली धून तो बाजूला ठेवायचा आणि मग तिच्या मालकाची माहिती काढायचा. नम्रताला वाटलं, नवऱ्याला नवीन नाद लागला.

शेवटी त्याला हवी ती मिळाली. युरोपातली एक घड्याळांची कंपनी. आपल्याकडं तिची जाहिरात कधी लागलेली नव्हती. तिची धून छोटी होती, गोड होती, आणि कंपनी त्या धुनेच्या बाबतीत नागिणीसारखी होती. एका लहानशा हॉटेलानं ती लिफ्टमध्ये वाजवली, तर कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं होतं. दीपेशनं ती बातमी भाषांतर लावून पुन्हा पुन्हा वाचली. मग कीबोर्ड घेऊन धुनेतली सगळी वाद्यं काढली. वेग कमी केला, इतका की डोंगर चढणारी बाई दम घेत घेत गाईल. सूर मात्र एकही बदलला नाही.

दिवाळीनंतर तो पुन्हा फार्महाऊसवर गेला. हातात घरच्या तांदळाची पिशवी.

"सर, तेव्हा मी जरा जास्त बोललो. मला यातलं काय कळत नाय."

रितेशनं मोठ्या मनानं माफ केलं. त्यानंतर दीपेश त्याचा माणूस झाला. म्हसा गावच्या जत्रेत घेऊन गेला, गौरीच्या नाचाला नेलं, गाडीचा दरवाजा उघडला, रेकॉर्डरची बॅग खांद्यावर घेतली. रितेश मित्रांना सांगायचा, "हा दीपेश. माझा इकडचा कान आहे." दीपेश हसून मान खाली घालायचा. घरी आल्यावर साबण लावून हात धुवायचा. नम्रतानं एकदा विचारलं, "त्याची बॅग उचलताना लाज नाय वाटत?" तो म्हणाला, "वाटते. म्हणूनच उचलतो. विसरायला नको."

आता त्या चालीला एक तोंड हवं होतं.

डोळखांबच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींचा एक पाडा आहे. तिथं सावळी राहायची. साठीची बाई, मुलगा-सून वीटभट्टीवर, घरात ती आणि शेळ्या. तिचा आवाज असा की लग्नात गायला लागली तर पलीकडच्या पाड्यातून माणसं उठून यायची. दीपेश तिला लहानपणापासून ओळखत होता; काळूराम सनई वाजवायचा तेव्हापासून दोन्ही घरांचं जाणं-येणं.

"मावशी, एक चाल आणलीय. तुझे शब्द घाल नि गा."

सावळीनं दोनदा ऐकली. "ब्येस हाय रे. कोणाची?"

दीपेश क्षणभर थांबला. "माझीच."

"तुझीच? मंग गाते."

तिनं शेळ्या सोडल्या आणि त्यांच्या मागे चालता चालता चाल तोंडात घोळवत राहिली. चार दिवसांनी दीपेश गेला तेव्हा गाणं तयार होतं.

करवंदीच्या जाळीमंदी हरपली गो बयना,
हाका मारल्या डोंगराला, डोंगर काय बोलंना.

"बयना म्हंजी?" दीपेशनं विचारलं.

"माझी धाकली भन. जना. भिवंडीकडं भट्टीवर गेली ती परत आलीच नाय. कोण बोलतं मेली, कोण बोलतं कुठं गेली. तिच्यावर गाणं नव्हतं माझ्याकडं. जुन्या चालीत ती बसतच नव्हती. तुझ्या चालीत बसली."

दीपेश ओट्यावर बसून राहिला. त्याच वेळी त्याला थांबता आलं असतं. मावशी, ही चाल नको, दुसरी देतो, एवढंच बोलायचं होतं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण डोळ्यांपुढं ते उकिडवं बसून ब्रश मारणारं पोर आलं, आणि त्यानं विचारलं, "मुंबईचा एक पाव्हणा ऐकायला येनार. गाशील?"

"टीव्हीवर लागंल?"

"लागंल."

रितेश आला. सावळी कुडाच्या भिंतीला टेकून गायली. पहिल्या ओळीलाच रितेशनं दीपेशचा दंड घट्ट धरला. गाणं संपल्यावर विचारलं, "आजी, हे गाणं कुणाचं?"

"आमचंच," सावळी म्हणाली. तिच्या दृष्टीनं ते खरंच होतं. शब्द तिचे, चाल आपल्या दीपेशची.

रितेशनं पुढं काही विचारलं नाही. तिच्या हातावर साडी ठेवली, फोटो काढला आणि डोंगर उतरताना म्हणाला, "दीपेश, हे मी छोट्या कामात नाही घालवणार."

नाहीच घालवलं. सिमेंटच्या एका बड्या कंपनीची जाहिरात होती, देशभर लागणारी. ओसाड माळावर घर उभं राहतं, आणि मागे ती चाल. पहिली ओळ सावळीच्या आवाजात, पुढं मुंबईच्या गायिकेचा गळा आणि शंभर व्हायोलिनं. रडू कोसळावं असं सुंदर झालं होतं. दीपेशलाही ते मान्य करावं लागलं, आणि त्यामुळं त्याचा राग अजून वाढला. कुठल्याशा कार्यक्रमात रितेशला बक्षीस मिळालं. मुलाखतीत तो म्हणाला, "माझ्या आत कुठंतरी डोंगर आहे. त्यातून ही चाल आली." सावळीचं नाव त्यात नव्हतं. मालक म्हणून नोंद रितेशचीच.

पाड्यावर मात्र सण होता. रेंज यायची त्या खडकावर सगळा पाडा जमायचा, एका फोनवर जाहिरात लावायचा आणि सावळीची ओळ आली की पोरं ओरडायची. सावळी खोटं खोटं रागवायची. "पुरे रे! शेळ्या बुजतात!" तिनं दीपेशला निरोप धाडला, की जेवायला ये, कोंबडा कापते. दीपेश गेला नाही. काम आहे म्हणाला.

त्यानं घरी बसून घड्याळाच्या कंपनीला दोन लिंका पाठवल्या. एक त्यांच्या जाहिरातीची, एक सिमेंटच्या जाहिरातीची. सोबत एक शब्दही लिहिला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. परदेशातून नोटीस आली. सिमेंटवाल्यांनी जाहिरात एका दिवसात उतरवली आणि रितेशला जाब विचारला. कारण चाल स्वतःची आहे असं त्यानं त्यांना सहीनिशी लिहून दिलं होतं. लखलखवालेही सावध झाले, त्यांनी त्याची सगळी कामं थांबवली. बक्षीस देणाऱ्यांनी बक्षीस परत मागितलं. दीपेश रोज सकाळी मोबाइल उघडायचा आणि काय नवीन ते बघायचा. त्याला भूक चांगली लागायला लागली. नम्रता म्हणाली, "लय दिवसांनी पोटभर जेवतोस."

मग रितेशचा फोन आला. आवाज बसलेला.

"दीपेश, एकच रस्ता आहे. त्या आजीनं कॅमेऱ्यासमोर सांगायचं, की हे गाणं तिच्या आजीनं तिला शिकवलं. म्हणजे चाल जुनी ठरेल, आणि चोर ते घड्याळवाले ठरतील. तू सोबत ये. तुझं ती ऐकते."

रितेशला अजूनही काही कळलेलं नव्हतं. दीपेश म्हणाला, "येतो ना, सर."

डोळखांबच्या रस्त्यानं वर जाताना रितेश सारखा पाणी पीत होता. सोबत वकीलबाई होत्या, त्यांच्याकडं कॅमेरा. दीपेश पुढच्या सीटवर बसून बाहेर बघत होता. असं स्वस्थ त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सावळीनं बसायला गोधडी टाकली. वकीलबाईंनी कॅमेरा सुरू केला. रितेश तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"आजी, फक्त एवढंच बोलायचं. हे गाणं मला माझ्या आजीनं शिकवलं, तिला तिच्या आजीनं. इकडं बघून."

"आजी कशाला शिकवंल?" सावळी म्हणाली. "शब्द माझं. चाल दीपेशची. त्यानंच शिकवली इथं बसून."

रितेश कसनुसा हसला. "आजी, तुमचा गोंधळ होतोय."

"गोंधळ कसला? इचार त्याला. इथंच हाय तो."

रितेशनं मान वळवली. "दीपेश?"

हे वाक्य दीपेशनं कित्येकदा मनात बोलून पाहिलं होतं. "पारंपरिक चाल हाय, सर. पारंपरिक कोणाची नसते. तुमीच बोल्लेलात."

रितेशचा चेहरा हळूहळू बदलत गेला. दीपेश तो डोळे भरून बघत राहिला.

"तुला माहीत होतं ती कुणाची आहे?"

"मालक बघूनच घेतली. कोर्टात जायची हौस असलेलाच पायजे होता."

"मी तुझं काय वाकडं केलं रे? एका फालतू जिंगलसाठी? माझं सगळं गेलं!"

"तुमच्याकडं सगळं होतं," दीपेश म्हणाला. "माझी एकच होती. तिच्यात तुमी फ्लश ओढला."

रितेशनं त्याची कॉलर धरली. दोन बटणं तुटली. दीपेशनं हात वर केला नाही, नुसता हसला. आणि ते हसू बघून रितेशनं कॉलर सोडली आणि मटकन ओट्याच्या कडेला बसला. तो रडायला लागला. वकीलबाईंनी कॅमेरा बंद केलेला नव्हता.

सावळी एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती. "म्हंजी ती चाल तुझी नाय?"

दीपेशचं हसू गेलं. "मावशी, तुला मागनं सांगतो."

"आता सांग."

"नाय. माझी नाय. भायेरच्या देशातली हाय. घड्याळाच्या जाहिरातीतली."

"घड्याळाच्या." सावळीनं तो शब्द परत उच्चारला. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. "माझ्या जनाला मी घड्याळाच्या जाहिरातीत निजवली? आणि तू बघत बसलास? त्या दिवशी मी तिचं सांगत होते तवा तू इथंच बसलेलास, या जागेवर."

"मावशी, त्यानं माझी चाल संडासाच्या जाहिरातीत घातली. मला त्याला धरायचा होता."

"मंग त्याला धरायचा. माझ्या तोंडात कशाला हात घातलास? त्यानं तुझी चाल संडासात घातली, तू माझी भन घातलीस. काय फरक हाय रे?" ती उठली. "दोघं उतरा माझ्या ओट्यावरनं. ती साडी पन न्या."

दोघं उतरले. रितेश आणि वकीलबाई गाडीतून गेले. दीपेश डोळखांबपर्यंत चालत आला आणि तिथून जीप धरून घरी.

रितेशनं तो व्हिडिओ स्वतःच्या बचावासाठी सगळीकडं टाकला, की बघा, मला फसवलं. पण तेवढ्यानं तो सुटला नाही. लोकांनी विचारलं, स्वतःची म्हणून सही का केलीस? घड्याळवाल्यांनी त्याला सोडलं नाही. स्टुडिओ गेला. मित्रानं फार्महाऊसचं गेट बंद केलं.

पण व्हिडिओत दीपेशही होता, हसणारा. कुणालीनं चिडून आपल्या लग्नाचा जुना व्हिडिओ आणि लखलखची जाहिरात शेजारी शेजारी लावून टाकली, खाली दोन्हींच्या तारखा. थोड्या लोकांना पटलं. बाकीच्यांनी लिहिलं, "घड्याळाची पण माझीच म्हणाला होता ना हा? ही कुठून उचलली असेल कोण जाणे." "दोघं चोर." कुणालीनं रडत फोन केला, "दादा, माझी पाठवणी पण खोटी ठरवली रे यांनी."

लग्नांची ठरलेली कामं हातची जायला लागली. लोक तोंडावर काही बोलत नसत. मुलाकडच्यांनी दुसरी पार्टी बघितली, एवढंच सांगत. पार्टीतली पोरं एकेक करून दुसरीकडं गेली. टेम्पो विकला. पुढच्या सीझनला दीपेश शहापूरच्या एका पार्टीत दुसऱ्या कीबोर्डवर उभा होता. पहिला सांगेल ती गाणी वाजवत.

मध्यंतरी तो एकदा पाड्यावर गेला होता. सोबत नम्रता होती, म्हणून सावळीनं तिला पाणी दिलं. दीपेशला दिलं नाही. तो अंगणाच्या बाहेर उन्हात उभा राहिला.

"मावशी, चुकलो."

सावळी नाचणी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. "मला आता ती चाल तोंडातनं काढता येत नाय. जनाची आठवन आली का तीच येते. दुसरी धरते, परत तीच येते. ह्याचं काय करू सांग. हाय औषध?"

तिनं नाचणीतला खडा काढून अंगणात टाकला.

"मंग कशाला आलास?"

उतरताना खालच्या ओढ्यापाशी नम्रतानं विचारलं, "एक खरं सांग. रितेशचं ऐकल्यावर आता कसं वाटतं?"

त्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं होतं, की रितेश मुंबई सोडून गेला, कुठल्याशा गावात शाळेच्या गॅदरिंगची गाणी बसवतो, आणि कुणी ओळखलं की गाव बदलतो. दीपेशनं ते ऐकून सांगणाऱ्याला चहा पाजला होता.

"बरं वाटतं," तो म्हणाला. "आज पन बरं वाटतं. ते नाय जात."

"आणि मावशीचं?"

तो ओढ्यात उतरला, ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं, आणि नम्रताला पलीकडं यायला हात दिला.